तालुक्याच्या स्पेलिंगमधून लांब इंग्रजी शब्द: एकच अक्षरसंच असलेले शब्द शोधायचे कसे?

गिरणाकाठ (चाळीसगाव) | प्रश्न

आठवी-नववीसाठी इंग्रजी शब्दखेळाची पत्रिका करायची आहे. मुलं मराठी आणि सेमी, दोन्ही माध्यमांची. खान्देशातल्या गावाचं इंग्रजी स्पेलिंग द्यायचं आणि त्याच अक्षरांतून जास्तीत जास्त लांब शब्द काढायला सांगायचे, अशी कल्पना आहे. अक्षर कितीही वेळा वापरायला मुभा, पण बाहेरचं अक्षर चालणार नाही.

अडचण उत्तरपत्रिकेची आहे. नेटवरच्या ॲनाग्राम शोधणाऱ्या साइटवर 'अमळनेर'चं स्पेलिंग टाकलं की चार-पाच अक्षरी शब्दांच्या पुढे गाडी जातच नाही. विचारायचंय ते असं:

१) अक्षरसंच सारखा असलेले लांब शब्द नेमके कसे शोधतात? लॅबमध्ये उबंटूवाले संगणक आहेत, पण नेट बेभरवशाचं. एका मशीनवर विंडोज आहे.
२) कोणती गावं या खेळाला चांगली, कोणती टाकाऊ?
३) नियम आणि गुण कसे ठेवावेत म्हणजे वाद होणार नाहीत?

---

पांझरा (धुळे)

सर, साइट बरोबर आहे, पण ती दुसरा खेळ खेळतेय. इथे तीन खेळ आहेत आणि लोक ते हमखास एकमेकांत मिसळतात.

पहिला ॲनाग्राम. यात अक्षरंही तीच आणि प्रत्येक अक्षराची संख्याही तीच. ट्रँगल, इंटिग्रल, रिलेटिंग, आल्टरिंग, अलर्टिंग या पाचही शब्दांत तीच आठ अक्षरं एकेकदा येतात. लांबी बदलूच शकत नाही.

दुसरा समान संच. कोणकोणती अक्षरं आली एवढंच बघायचं, किती वेळा आली ते नाही. नववीच्या गणिताच्या पहिल्याच प्रकरणात संच आहेत, तिथला नियम जसाच्या तसा लागू: घटक पुन्हा लिहिला म्हणून संच बदलत नाही. इथे शब्द लांबत जाऊ शकतो.

तिसरा उपसंच. दिलेल्या अक्षरांबाहेर जायचं नाही, पण सगळी वापरलीच पाहिजेत असंही नाही. सर, तुमच्या प्रश्नात हा तिसरा खेळ आहे, आणि त्याच्या पोटात दुसरा.

साइटला अमळनेर दिलं की ती एम, एल, एन, ई, आर एकेकदा आणि ए दोनदा, एवढ्याच सोंगट्या हातात धरते. 'इनॅमलर' हा शब्द तिला दिसणारच नाही, कारण त्याच्या ब्रिटिश स्पेलिंगमध्ये (ई-एन-ए-एम-ई-एल-एल-ई-आर) ई तीनदा आणि एल दोनदा लागतो. संच मात्र तंतोतंत अमळनेरचा: ए, ई, एल, एम, एन, आर. नऊ अक्षरी शब्द, अर्थ मीनाकाम करणारा. जळगावच्या सराफ बाजाराला जिल्ह्यातल्याच एका तालुक्याने दिलेली भेट समजा.

संच पूर्ण जुळणारे आणखी काही:

धुळे: डी, एच, यू, एल, ई. यातून 'हल्ड', म्हणजे टरफल काढलेलं (एच-यू-एल-एल-ई-डी). तिळाच्या पाकिटावर हा शब्द सापडतो.

एरंडोल: सात वेगवेगळी अक्षरं, एकही दुबार नाही. यातून 'ओलिअँडर', ओ-एल-ई-ए-एन-डी-ई-आर, आठ अक्षरी. म्हणजे आपली कण्हेर. फक्त ई एकदा जास्त. माझ्या मते सगळ्या यादीत हा सर्वांत देखणा.

नंदुरबार: यातून 'बँड्युरा', बी-ए-एन-डी-यू-आर-ए. युक्रेनचं तंतुवाद्य आहे, सहाही अक्षरं वापरली जातात. मुलांना हा येणार नाही, पण नंदुरबारच्या शेपटीत 'दरबार'चं इंग्रजी स्पेलिंग सरळ बसलेलं आहे, डी-यू-आर-बी-ए-आर. ते त्यांना सापडेल.

शिंदखेडा: या गावाची गंमत वेगळी. स्पेलिंग सुरुवातीला एस लिहून करा किंवा एस-एच लिहून, संच तोच राहतो, कारण एच पुढे 'खे'मध्ये येतोच. ॲनाग्राम असता तर दोन स्पेलिंगची दोन उत्तरं झाली असती. पूर्ण संचाचा शब्द 'स्किनहेड' (डोकं भादरलेल्या टोळक्यांतला) आहे, पण शाळेच्या पत्रिकेत तो नको. उपसंच चालत असेल तर 'हँडशेक्स' घ्या, दहा अक्षरी, फक्त आय सुटतो.

---

वाघूर (भुसावळ)

शोधायची पद्धत सांगतो. नेट नसलं तरी चालेल, शब्दांची यादी एकदा आणून ठेवली की झालं.

यादी. उबंटूवर शब्दयादीची पॅकेजेस मिळतात, अमेरिकन आणि ब्रिटिश वेगळी. नावं अनुक्रमे डब्ल्यू-अमेरिकन आणि डब्ल्यू-ब्रिटिश, मध्ये जागा किंवा रेघ नाही. दोन्हींचे लहान, मोठे, 'ह्यूज' आणि 'इनसेन' असे आकार आहेत. शाळेसाठी नेहमीचा मधला आकार पुरे. लॅबमध्ये नेट नसेल तर पॅकेजची डेब फाइल पेनड्राइव्हवर आणून डीपॅकेज (डी-पी-के-जी) या आज्ञेने बसवा. बसली की यूएसआर, शेअर, डिक्ट या फोल्डरांच्या आत साधी टेक्स्ट फाइल दिसते, एका ओळीत एक शब्द. दुसरा पर्याय 'एनेबल' नावाची यादी. ती सार्वजनिक मालकीची आहे, पावणेदोन लाखांच्या आसपास शब्द, विशेषनामं नाहीत. पण ती अमेरिकन वळणाची आहे हे ध्यानात ठेवा.

सफाई. उबंटूच्या यादीत ॲपॉस्ट्रॉफी-एस लावलेले ढीगभर शब्द असतात, शिवाय मोठ्या अक्षराने सुरू होणारी विशेषनामं. आधी फक्त ए ते झेड लहान अक्षरांच्याच ओळी ठेवा, बाकी सगळ्या काढा.

ग्रेपने शोध. ग्रेप म्हणजे फाइलमधून नमुन्याशी जुळणाऱ्या ओळी काढणारी उबंटूची आज्ञा. अमळनेरचं उदाहरण घेऊ. चौकटी कंसात ती सहा अक्षरं, कंसानंतर अधिकचं चिन्ह, आणि ग्रेपला दोन पर्याय: मोठा ई आणि लहान एक्स. एवढ्यावर उपसंचाचे सगळे शब्द येतात. पूर्ण संच हवा असेल तर हे उत्तर पाइपने (उभ्या रेघेने) पुढच्या ग्रेपला द्या, त्याला फक्त ए, त्यापुढे ई, असं सहा वेळा. शेवटी ऑक या आज्ञेने प्रत्येक ओळीपुढे लांबी छापून सॉर्ट या आज्ञेला आकड्यांच्या क्रमाने लावायला सांगा. सर्वांत लांब शब्द तळाला येतो.

दोन चुका इथे हटकून होतात. अधिकचं चिन्ह राहिलं तर एकअक्षरी ओळीच जुळतात. लहान एक्स राहिला तर उलट, त्या सहापैकी एखादं अक्षर ज्यात आहे ते सगळे शब्द येतात, म्हणजे जवळपास पूर्ण यादीच.

सगळी गावं एकदम करायची असतील तर ग्रेप कंटाळवाणं होतं. पायथन या संगणकभाषेत प्रत्येक शब्दाचा फ्रोझनसेट (न बदलणारा संच) करा, तो डिक्शनरीची (किल्लीखाली माहिती ठेवणाऱ्या रचनेची) किल्ली, आणि त्या किल्लीखाली शब्दांची यादी. मग गावाच्या स्पेलिंगचा फ्रोझनसेट करून विचारलं की समान संचाचे शब्द लगेच हातात. साधा सेट किल्ली म्हणून चालत नाही, कारण तो बदलता येतो आणि पायथन त्याला नकार देतो.

आत काय चालतं ते मुलांना दाखवायचं असेल तर सव्वीस बिटांची रीत दाखवा. एला १, बीला २, सीला ४, डीला ८, असं दुप्पट करत झेडला ३,३५,५४,४३२. शब्दातल्या प्रत्येक वेगळ्या अक्षराची किंमत एकदाच मिळवायची. धुळे: डी ८, ई १६, एच १२८, एल २०४८, यू १०,४८,५७६. बेरीज १०,५०,७७६. 'हल्ड'ची बेरीजही तीच, कारण दुसरा एल मोजायचाच नाही. दोन शब्दांचा आकडा सारखा म्हणजे संच सारखा, अपवाद नाही, कारण दोनच्या घातांच्या दोन वेगळ्या निवडींची बेरीज एक येऊच शकत नाही. ए १, बी २, सी ३ अशी सरळ किंमत दिली तर हे कोसळतं: ए आणि डी मिळून ५, बी आणि सी मिळूनही ५.

उपसंचासाठी उलट बाजूने जा. चाळीसगावच्या स्पेलिंगमध्ये नऊ वेगळी अक्षरं आहेत, म्हणजे रिकामा सोडून ५११ उपसंच. पूर्ण यादी चाळण्याऐवजी डिक्शनरीला ५११ वेळा विचारायचं.

विंडोजवाल्या मशीनसाठी एक्सेल चालेल, १०,४८,५७६ ओळी बसतात. प्रत्येक अक्षरासाठी फाइंड लावा, पण अक्षर सापडलं नाही तर फाइंड चूक दाखवतो, म्हणून त्याला इझनंबरमध्ये गुंडाळा आणि सगळे अँडने जोडा. हे 'सगळी अक्षरं आहेत का' एवढंच सांगतं. 'बाहेरचं नाही ना' यासाठी सब्स्टिट्यूटने एकेक अक्षर रिकामं करत जायचं आणि उरलेली लांबी शून्य आली का बघायचं. गूगल शीट्समध्ये रेजेक्समॅच असल्याने हेच एका सूत्रात होतं. यादी चिकटवण्याआधी कॉलम टेक्स्ट करून घ्या, नाहीतर ट्रू आणि फॉल्स या दोन शब्दांना एक्सेल तर्काची उत्तरं समजतं.

---

केळीचं_पान (रावेर)

वरचं सगळं शोधण्याबद्दल झालं. निवडीबद्दल सांगते, कारण पत्रिका तिथेच जमते किंवा फसते.

इंग्रजी शब्द लांब होतो तो मूळ शब्दामुळे क्वचित. तो लांबतो शेपटामुळे आणि डोक्यामुळे: नेस, लेस, टीआयओएन, आयएनजी, ईआर, ईडी, पुढे री, इन, इंटर. म्हणून संच बघताना पहिला प्रश्न हा की यात कोणता प्रत्यय पूर्ण बसतो. नेसला तीनच अक्षरं पुरतात, एन, ई, एस. लेसला एल, ई, एस. दोन्ही मिळून चारच अक्षरं. म्हणून या चार अक्षरांतून 'लेन्स' निघतो, 'लेसन' (कमी करणे या अर्थाचा, दोन एसवाला) निघतो, 'सेन्सलेस' निघतो आणि 'सेन्सलेसनेस' निघतो. शेवटचा तेरा अक्षरी: सहा एस, चार ई, दोन एन, एक एल. चार अक्षरांच्या जोरावर तेरा.

याच चारांत एलऐवजी टी घेतला तर 'टेन्सनेस', नऊ. त्यात आय मिळवला की दालन उघडतं: इन्सिस्टंट नऊ, इन्सेंटियंट दहा, इंटेस्टाइन्स दहा, इंटेन्सिटीज अकरा, इंटेन्सनेस अकरा. पाचही शब्दांचा संच एकच, ई, आय, एन, एस, टी.

टीआयओएनला ए जोडा: नेशन, नोटेशन, इंटोनेशन, ॲनोटेशन. शेवटचे दोन दहा-दहा अक्षरी. त्यात एस घातला की सॅनिटेशन दहा आणि ॲसॅसिनेशन तेरा.

पांझराभाऊंनी ट्रँगलचे ॲनाग्राम दिले. तोच आठ अक्षरांचा संच दुबार मुभा देऊन वापरा: रिटॅलिएटिंग अकरा, ॲलिटरेटिंग बारा, इंटररिलेटिंग तेरा. यात पुढे इंटर आहे, मध्ये री आहे, मागे आयएनजी आहे, आणि तिघांची अक्षरं मूळ संचातच होती. संच असा प्रत्ययांना पोसणारा असला की शब्द लांबत जातो.

आता आपली गावं. मराठी नावं इंग्रजीत लिहिताना ए फार येतो आणि ई कमी. ई नाही म्हणजे ईडी, ईआर, नेस, लेस सगळं गेलं. शहादा बघा: एस, एच, ए, डी. यातून 'डॅश' निघतो आणि खेळ संपतो. यावल: वाय, ए, डब्ल्यू, एल. 'यॉल' नावाची शिडाची बोट निघते, वॉल आणि वे निघतात, पुढे फारसं काही नाही. ही टाकाऊ.

'गाव'ने संपणारी नावं एका अक्षरावर ठरतात. जळगावला आय नाही, म्हणून आयएनजी नाही, म्हणून 'लगून' या सहा अक्षरांवर समाधान. धरणगाव 'ड्रगून'पर्यंत, सात. भडगाव 'हँगडॉग', सात. चाळीसगावला मात्र 'ळी'मुळे आय मिळाला आणि पुढे एन, जी तयारच होते. लगेच क्लॅशिंग, कोचिंग आठ-आठ आणि 'स्कूलिंग' नऊ. स्कूलिंगमध्ये फक्त ए सुटतो. चाळीसगावला शाळा आणि क्लास दोन्ही सापडावेत, याला काय म्हणायचं!

मी असते तर एरंडोल, अमळनेर, चाळीसगाव, शिंदखेडा ही चार घेतली असती. धुळे सोपा नमुना म्हणून वर सोडवून दाखवायला.

---

गिरणाकाठ (प्रश्नकर्ता)

ताई, तुमचा प्रत्ययांचा मुद्दा मोलाचा आहे, निवड त्यावरच करतो. पारोळ्याबद्दल सांगा. पी, ए, आर, ओ, एल. 'पोलर' दिसतो. 'पार्लर' धरायचा का? यादीत सापडतोय, पण मुलांच्या पुस्तकात स्पेलिंग वेगळं आहे.

---

पांझरा (धुळे)

पारोळा हाच खरा सापळा. अमेरिकन पार्लरचं स्पेलिंग पी-ए-आर-एल-ओ-आर, संच पारोळ्याचाच. ब्रिटिश पार्लरमध्ये ओनंतर यू येतो आणि यू पारोळ्यात नाही. आपल्याकडे शाळेत ब्रिटिश स्पेलिंग शिकवतात, म्हणजे पुस्तकाप्रमाणे जाणाऱ्या मुलाला हा शब्द बाद, आणि ब्युटी पार्लरची पाटी वाचलेल्याला कदाचित बरोबर.

असं मुख्यतः तीन ठिकाणी होतं. ओयूआर विरुद्ध ओआर, जसं इथे. सीई विरुद्ध एसई: 'डिफेन्सलेसनेस' अमेरिकन पद्धतीने पंधरा अक्षरी आणि फक्त सहा वेगळ्या अक्षरांत बसतो, ब्रिटिश पद्धतीने एका एसच्या जागी सी आला की अक्षरं सात आणि संच वेगळा. तिसरं आयझेडई विरुद्ध आयएसई, तिथे झेड हवा का एस यावर सगळं.

दुहेरी एलचं मात्र भय नाही. अमेरिकेत इनॅमलरला एक एल, ब्रिटनमध्ये दोन, संच तोच. अक्षराची संख्या बदलणारे फरक या खेळात निरुपद्रवी. अक्षरच बदलणारे फरक घातक.

म्हणून दोन्ही याद्यांवर शोध चालवा. दोन्हींत आलेले शब्द निर्धास्त घ्या. एकाच यादीत आलेले वेगळे काढून त्यांचा निकाल छापण्याआधी लावा. पारोळा वगळलं तर डोक्याला ताप कमी, पण मला विचाराल तर ठेवा आणि दोन्ही स्पेलिंग मान्य असं पत्रिकेवर लिहा. म्हणजे पार्लरचं पाटीवरचं स्पेलिंग मान्य.

---

भरीतभाकर (जामनेर)

नियमांचं माझ्याकडून.

अक्षरं चौकटीत, प्रत्येक एकदाच, वर्णक्रमाने छापा. गावाचं नाव फक्त मथळ्याला. अमळनेर असं सरळ छापलं की मुलं दोन ए बघतात आणि ए दोनदाच चालतो, बाकी एकेकदा, असं धरून बसतात. मग 'दुबार मुभा' कितीही ठळक लिहा, उपयोग नाही. एक सोडवलेला नमुना वर द्या, त्यात अक्षर दुबार आलेलं असू द्या. धुळे-हल्ड त्यासाठी चांगलं.

सगळी अक्षरं मोठ्या लिपीत. एरियलसारख्या अक्षरवळणात मोठा आय आणि लहान एल हुबेहूब दिसतात. चाळीसगावच्या संचात दोन्ही आहेत, तिथे नक्की गोंधळ होणार. झेरॉक्स फिकी निघाली तर सी आणि जीसुद्धा.

एसबद्दल आधीच ठरवा. संचात एस असला की प्रत्येक नामाला एस लावून मुलं एक गुण उपटतात, आणि तपासणाऱ्याचा जीव जातो. न्यू यॉर्क टाइम्सच्या स्पेलिंग बी खेळात याच कारणाने एस टाळतात. तिथे सात अक्षरं, मधलं सक्तीचं, शब्द किमान चार अक्षरी. चार अक्षरीला एक गुण, त्याहून लांब शब्दाला जितकी अक्षरं तितके गुण, आणि सातही अक्षरं वापरणाऱ्या शब्दाला वर सात. ही गुणपद्धत आपल्यालाही बरी. तुमच्या चारांपैकी शिंदखेडा आणि चाळीसगावमध्ये एस आहे. 'नुसता एस लावलेलं अनेकवचन धरणार नाही' एवढी ओळ घाला. मग हँडशेक्सचा हँडशेक होतो, नऊ अक्षरी, तरी भारीच.

आयएनजीवाल्यांना मात्र रोखू नका. धातू ओळखून त्याला शेपूट लावणं हेच तर शिकवायचंय.

विशेषनाम, संक्षेप, मधे रेघ असलेले शब्द बाद. शब्दकोश एकच ठरवा आणि तो टेबलावर ठेवा. मोबाइलवर बघून भांडण मिटत नाही, वाढतं, कारण तिथे काहीही टाकलं तरी कुठेतरी ते सापडतंच.

स्क्रॅबलच्या सोंगट्या वापरून खेळवायचा विचार असेल तर थांबा. संपूर्ण डब्यात १०० सोंगट्या, त्यात ई बारा, पण एस चारच आणि एल चारच. केळीचं_पान ताईंचा सेन्सलेसनेस लावायला सहा एस लागतात. चार खरे आणि दोन्ही कोऱ्या (कोणतंही अक्षर धरता येतं अशा) सोंगट्या खर्च केल्या की कसाबसा बसतो, दुसऱ्या गटाला काही उरत नाही. पुठ्ठ्याचे चौकोन कापून घ्या, स्वस्त आणि हवे तेवढे.

वेळ एका गावाला पाच मिनिटं पुरे. जास्त दिला की तीन अक्षरी शब्दांचा कचरा वाढतो.

---

सातपुडा_पायथा (शिरपूर)

हाच खेळ मराठीत घेतला तर? जळगावच्या ज, ळ, व या तीन अक्षरांत जळजळ, वळवळ, जवळ आणि सहा अक्षरी 'जवळजवळ' बसतो. द्विरुक्ती चालते म्हटल्यावर मराठी काही मागे नाही.

---

वाघूर (भुसावळ)

छान निघेल भो, पण संगणकाला आधी सांगावं लागेल की अक्षर म्हणजे काय. 'गा' हे तुमच्या-माझ्यासाठी एक अक्षर, युनिकोडमध्ये (संगणकाच्या अक्षरसंकेतांत) ग आणि काना असे दोन. फ्रोझनसेट केला की काना सुटा पडतो आणि मग 'गाव' आणि 'गवा' यांचा संच एकच येतो. त्यामुळे आधी ठरवा: मात्रेसकट अक्षर एकक धरायचं की नुसतं व्यंजन. मात्रेसकट धरायचं तर शब्दाचे तसे तुकडे करून मगच संच करायचा. जोडाक्षर एक धरायचं का दोन, हेही तेव्हाच.

दुसरं, दिसायला सारखं पण आत वेगळं. 'ऱ' एका संकेताने लिहिता येतो किंवा र आणि खालचा नुक्ता (टिंब) मिळून दोन संकेतांनी. शोधाआधी सगळी यादी एकाच प्रमाणित रूपात आणायची, पायथनच्या युनिकोडडेटामध्ये त्याचं नॉर्मलाइझ आहे. 'ॲ'चं मात्र तसं होत नाही: एकसंध ॲ आणि अ वर चंद्र देऊन केलेला अॅ नॉर्मलाइझनंतरही वेगळेच राहतात, ते हाताने बदलून घ्यावे लागतात. सव्वीस बिटांची रीतही इथे अपुरी, देवनागरीच्या तक्त्यात १२८ जागा आहेत. पायथनला त्याचं काही नाही, आकडा हवा तेवढा मोठा होतो.

---

गिरणाकाठ (प्रश्नकर्ता)

वाघूरभाऊ, एक अडलंय. एनेबलची यादी विंडोजवाल्या मशीनवर उघडून, सेव्ह करून उबंटूवर आणली. ग्रेप अगदी तुम्ही सांगितलं तसं, मोठा ई आणि लहान एक्स. उत्तर शून्य ओळी. एक्स काढला की हजारो येतात.

---

वाघूर (भुसावळ)

ओळीच्या टोकाला न दिसणारं अक्षर आहे. विंडोज ओळ संपवताना दोन खुणा टाकतं, उबंटू एक. ती जास्तीची खूण ग्रेपला शब्दाचं शेवटचं अक्षर वाटते, आणि ती तुमच्या चौकटी कंसात नाही. पूर्ण ओळ जुळलीच पाहिजे असा लहान एक्सचा आग्रह, म्हणून एकही शब्द पास होत नाही.

डॉस-टू-युनिक्स नावाची छोटी आज्ञा आहे, नावात टू आकड्याने लिहितात. ती फाइलवर एकदा चालवा. ती नसेल आणि नेटही नसेल तर टीआर या आज्ञेला लहान डी पर्याय देऊन उलटी तिरपी रेघ आणि आर ही जोडी काढून टाकायला सांगा आणि उत्तर नव्या नावाच्या फाइलमध्ये घ्या, त्याच नावात नको, नाहीतर फाइल रिकामी होते. झालं की नाही हे बघायला कॅटला मोठा ए पर्याय द्या: ओळीच्या शेवटी नुसतं डॉलरचं चिन्ह दिसलं तर साफ, त्याआधी टोपी आणि एम दिसलं तर खूण अजून आहे.

मग आधी एरंडोल चालवा. कण्हेर आली तर बाकीची गावंही येतील.